शाईची पारख

आमच्या घरी एक वही जपून ठेवलेली आहे. तिचे पुठ्ठे फुगलेले आहेत आणि पाने चाळली की वाळक्या पाचोळ्यासारखी कुरकुरतात. पहिल्या निम्म्या पानांवरची अक्षरे आजही स्पष्ट वाचता येतात. उरलेल्या पानांवर मात्र अक्षरे नाहीत. नुसते फिकट निळे डाग आहेत. त्या डागांखाली माझ्या आजीच्या ओव्या होत्या.

मी सातवीत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गुरुजींनी आम्हांला एक काम सांगितले होते: घरातील वडीलधाऱ्या माणसांना मुखोद्गत असलेली गाणी, म्हणी व ओव्या लिहून आणाव्यात. आम्ही त्या वेळी छत्रपती संभाजीनगरमध्ये गुलमंडीजवळ राहत होतो. आजीचे माहेर पैठणच्या बाजूचे, गोदावरीकाठचे. दळणाची गिरणी तिच्या गावात येण्यापूर्वी तिने वर्षानुवर्षे जात्यावर दळले होते. दुपारी जेवणे झाली म्हणजे ती भिंतीला टेकून बसे, डोळे मिटून ओवी म्हणे आणि मी ती उतरून घेई. दोन महिन्यांत वही भरत आली.

आरंभी मी वडिलांच्या मेजावरील निळी-काळी शाई पेनात भरत असे. ती संपल्यावर मला रस्त्याच्या कडेला मांडलेल्या एका दुकानात चमकदार निळ्या शाईची बाटली दिसली. किंमत अगदी थोडी होती आणि रंग मोरपिसासारखा होता. बाटलीवर ना बनवणाऱ्याचे नाव, ना शाईचा प्रकार. मी ती घेतली आणि उरलेली वही तिनेच लिहिली.

आषाढात एके रात्री मोठा पाऊस झाला. कपाटावरचे छत गळले आणि वही रात्रभर भिजत राहिली. सकाळी पाहतो तो निळ्या शाईची सारी पाने धुऊन गेलेली! मी धावत आजीकडे गेलो. परंतु मधल्या काळात ती मोठ्या दुखण्यातून उठली होती आणि तिची आठवण पूर्वीसारखी राहिली नव्हती. ती हसून म्हणाली, "अरे, मी कधी सांगितल्या होत्या रे?"

आजोबा जवळच बसले होते. त्यांचा जन्म एका सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात जुनी कागदपत्रे सांभाळण्यात गेला होता. त्यांनी वही हातात घेतली आणि सावकाश एकेक पान उलगडून पाहिले.

"आजोबा, या पावसाने सगळे घालवले," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"बाळ, पाऊस तर साऱ्याच पानांवर पडला," आजोबा म्हणाले. "मग निम्मी पाने कशी राहिली? दोष पावसाचा कमी आणि शाईचा अधिक. शाई कशी असते हे तुला ठाऊक नव्हते. चल, आज ते समजून घेऊ."

त्यांनी आपल्या पेटीतून एक जुना कागद काढला. त्यावर मोडी लिपीत काही हिशेब लिहिलेला होता. कागद पिवळा पडला होता, पण अक्षरे काळीभोर होती.

"हा कागद हाताने केलेला आहे," ते म्हणाले. "आपल्या दौलताबादपासून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते ना? तेथे पिढ्यानपिढ्या हातकागद होत आला. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली, तेव्हा तिच्याबरोबर कागदाचे कारागीर आले, असे तेथे सांगतात. आणि ही शाई आहे काजळाची. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ घोटीत. मग ती दौतीत भरून बोरूने लिहीत."

"पण इतक्या वर्षांत ती फिकी कशी पडली नाही?"

"काजळ म्हणजे कार्बन, कोळशाचाच भाऊ. त्याचा रंग उन्हाने उडत नाही आणि ते पाण्यात विरघळत नाही. मात्र त्याला कागदावर धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो; म्हणून असले कागदही ओलीपासून जपावेच लागतात. आपल्याकडे लेखनाचा किती विचार होत असे, ते पाहा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. आणि आजीच्या माहेरच्या पैठणचे एकनाथ महाराज! त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तिच्यात पाठभेद शिरले होते. अनेक पोथ्या ताडून त्यांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हाताने लिहिलेल्या त्या पोथ्या टिकल्या नसत्या, तर ताडून काय पाहिले असते?"

"तर मग मीही माझ्या पेनात काजळाची शाई घालतो," मी उत्साहाने म्हणालो.

आजोबांनी हात वर केला. "तसे करशील, तर पेन गमावशील. बोरू आणि फाउंटनपेन यांत मोठा फरक आहे."

त्यांनी माझे पेन उघडून दाखवले. जुनी माणसे या पेनाला झरणी म्हणत. निबेच्या मध्यभागी एक बारीक चीर असते. निबेखाली एक जीभ असते आणि तिच्यावर केसासारखी बारीक खाच असते. त्या खाचेतून शाई आपोआप पुढे सरकते आणि तिची जागा घेण्यासाठी हवा आत जाते. अरुंद जागेत द्रव स्वतःहून चढतो वा सरकतो, या गुणधर्मास केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तेही यामुळेच. अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अशा जिभेच्या पेनाचे पेटंट घेतले. या बारीक खाचेत काजळाचे कण आणि डिंक वाळून बसले की वाट बंद होते. म्हणून चित्रकलेची काळी जलरोधक शाई साध्या फाउंटनपेनात कधीही भरू नये.

"मग पेनात कोणती शाई घालावी?" मी विचारले.

आजोबांनी मला दोन मुख्य प्रकार सांगितले. पहिली रंगाची शाई. पाण्यात विरघळणारा रंग घेऊन ही तयार करतात. ती पेनातून सुरळीत वाहते, निबेला अपाय करीत नाही आणि कपड्यावर पडली तर पुष्कळदा धुऊन निघते. रोजच्या गृहपाठाला ती उत्तम. परंतु जी कपड्यावरून धुऊन निघते, ती कागदावरूनही निघणारच! बाटलीवर 'वॉशेबल' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच. असल्या शाईचे अक्षर उन्हानेही फिके होऊ शकते.

दुसरी लोहाची शाई. मायफळासारख्या तुरट पदार्थातील टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, यांच्या मिश्रणातून ही होते. लिहिताना ती फिकी असते; हवेतील प्राणवायूचा संयोग झाला की कागदाच्या तंतूंतच काळी पडत जाते. लिहिणाऱ्याला अक्षर लगेच दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळतात. म्हणून ती प्रथम निळी दिसते आणि मागाहून काळवंडते. पाणी पडले तर वरचा निळा रंग जातो, पण तंतूंत बसलेले काळे अक्षर राहते. युरोपात शेकडो वर्षे महत्त्वाचे लेख अशाच शाईने लिहिले गेले. तिचा एक अवगुण मात्र आहे. ती आम्लधर्मी असते. आम्ल फार झाले तर कागद खाल्ला जातो आणि पोलादी निब गंजते. म्हणून ती पेनात वाळू देऊ नये आणि पेन वरचेवर धुवावे.

"माझ्या वहीची पहिली पाने या शाईची होती, म्हणून ती वाचली!" मी म्हणालो.

"होय. पण एक ध्यानात ठेव. निळी-काळी हे रंगाचे नाव आहे. त्या रंगाच्या प्रत्येक बाटलीत लोहाची शाई असेलच असे नाही. 'पर्मनंट' हा शब्ददेखील प्रत्येक कारखानदार एकाच अर्थाने वापरीत नाही. म्हणून वाचावे सर्व, पण विश्वास ठेवावा तो परीक्षेवर."

त्या संध्याकाळी आम्ही दोघे औरंगपुऱ्यात गेलो. वाटेत आजोबांनी स्वदेशी शाईची हकीकत सांगितली. एके काळी आपल्याकडे परदेशी शाईचे फार प्रस्थ होते. १९३१ मध्ये मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी शाईची पूड व वड्या करण्याचा लहानसा धंदा काढला. पुढे त्यांची 'कॅमल' शाई, म्हणजे बाटलीवर उंटाचे चित्र असलेली शाई, महाराष्ट्रातील शाळाशाळांत पोहोचली. बंगालमधील राजशाही येथे मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये 'सुलेखा' शाई सुरू केली. तिच्यामागेही स्वदेशीचीच प्रेरणा होती. परक्यांविरुद्धची पत्रके परक्यांच्याच शाईने लिहिणे त्या काळच्या माणसांना रुचत नव्हते.

दुकानात आजोबांनी बाटली कशी घ्यावी ते प्रत्यक्ष दाखवले. प्रथम त्यांनी बाटलीवरील बनवणाऱ्याचे नाव, शाईचा प्रकार आणि महिना-वर्ष वाचले. मग झाकणाचे सील शाबूत आहे की नाही ते पाहिले. त्यानंतर बाटली न हलवता उजेडापुढे धरून तळाशी गाळ आहे का, हे निरखले. गाळ असलेली, बुरशी धरलेली किंवा कुबट वासाची शाई फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. शेवटी त्यांनी तीन प्रकारच्या लहान बाटल्या घेतल्या. "परीक्षा होईपर्यंत मोठी बाटली घ्यायची नाही," ते म्हणाले.

घरी येताच परीक्षा सुरू झाली. ज्या कागदावर लिहायचे, त्याच कागदाच्या तीन पट्ट्या आम्ही कापल्या. प्रत्येक पट्टीवर तिन्ही शायांनी एकेक ओळ लिहिली आणि शाईचे नाव व तारीख शिसपेन्सिलीने घातली. प्रत्येक शाई भरण्यापूर्वी पेन साध्या थंड पाण्याने स्वच्छ धुतले. कारण दोन भिन्न शाया एकत्र आल्या तर त्यांचा साका होऊन पेन तुंबते. एक दिवस वाळल्यावर पहिल्या पट्टीवर पाण्याचे थेंब टाकून टीपकागदाने टिपले. दुसरी पट्टी पंधरा दिवस खिडकीत उन्हात ठेवली. तिसरी पुस्तकात मिटून ठेवली. पंधरा दिवसांनी तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, तेव्हा कोणी काही सांगावे लागले नाही. एक ओळ पाण्याने गेली होती. दुसरी उन्हाने फिकट झाली होती. तिसरी मात्र पाणी आणि ऊन सोसून उभी होती.

तीच शाई आम्ही ओव्यांसाठी निवडली. पहिली दोन शाया टाकून दिल्या नाहीत. त्या गृहपाठाला उपयोगी पडल्या. प्रत्येक शाईला तिचे काम असते. चुकीचे काम सांगितले, तर दोष शाईला कसा द्यावा?

मग मी नवी वही घेऊन आजीजवळ बसलो. मी जुन्या वहीतील वाचलेली ओवी म्हणावी आणि तिने डोळे मिटून पुढची आठवावी, असे रोज चाले. कधी एक आठवे, कधी दोन. कधी ती नुसतीच माझ्या केसांवरून हात फिरवी. दिवाळीपर्यंत पुष्कळ ओव्या परत मिळाल्या. अकरा ओव्या मात्र मिळाल्या नाहीत. नव्या वहीत मी त्यांच्यासाठी अकरा जागा सोडल्या होत्या. त्या आजही कोऱ्या आहेत.

मुलांनो, आता बहुतेक लेखन बॉलपेनाने आणि यंत्रावर होते. तरीही जे जपायचे आहे ते लिहिताना हातातील साधनाची पारख करावी. स्वस्त आणि चमकदार वस्तू वाईटच असते असे नाही. पण ती तपासून न पाहता तिच्या हाती मोलाची ठेव देणे हा निष्काळजीपणा होय. शाई पुन्हा विकत मिळते. माणसाच्या तोंडचा शब्द एकदा गेला की विकत मिळत नाही.

स्वाध्याय

शब्दार्थ : मुखोद्गत – तोंडपाठ, दप्तरखाना – जुनी कागदपत्रे ठेवण्याची जागा, घोटणे – घासून एकजीव करणे, दौत – शाईचे भांडे, बोरू – वेताची किंवा बोरूची लेखणी, साका – तळाशी बसणारा गाळ, केशाकर्षण – अरुंद जागेत द्रव आपोआप सरकण्याचा गुणधर्म.

१. "पाऊस तर साऱ्याच पानांवर पडला," असे आजोबा का म्हणाले?
२. काजळाची शाई टिकाऊ असूनही फाउंटनपेनात का भरू नये?
३. लोहाची शाई लिहिल्यानंतर काळी का पडते?
४. शाईची बाटली घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?
५. लेखकाने अकरा जागा कोऱ्या का ठेवल्या असाव्यात? तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक ओवी, म्हण किंवा आठवण ऐका. तीन पट्ट्यांची परीक्षा करून शाई निवडा आणि तिने ती सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवा. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालण्यास विसरू नका.