गुडघा सावरण्याचे शिक्षण

इतिहासाच्या शिक्षकाने गुडघ्यांविषयी लिहावे, याचे माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु फुटबॉल खेळताना कोणाचाही धक्का न लागता, केवळ वळताना वा उडीवरून उतरताना मुलीच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो, तेव्हा तिचे मैदान कित्येक महिने सुटते, काहींचे कायमचे. मुलींना हा धोका मुलांहून अधिक. उतरताना गुडघा आत झुकतो आणि स्नायू त्याला वेळीच सावरत नाहीत, हे त्याचे एक कारण.

हे सावरणे शिकवता येते. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1,892 मुलींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. सरावाआधी सुमारे 20 मिनिटांचे ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आढळल्या. तेच व्यायाम ‘फिफा 11+’ या नावाने जगभर गेले: संथ धावणे, एका पायावर तोल राखणे, पोटाचे व मांडीचे स्नायू बळकट करणे, गुडघे वाकवून अलगद उतरणे. साहित्य म्हणाल तर चेंडू आणि खुणेपुरती फक्की. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो का, हे जोडीदार मुलीने पाहावे.

आठवड्यातून दोनदा तरी, आणि हंगामभर, हे व्हावे लागते. उशिरा पोहोचलेला संघ मात्र प्रथम हीच 20 मिनिटे कापतो. आणि आपण पालक-शिक्षकही सामना कधी सुरू होणार, एवढेच विचारतो.