लेझरच्या आधी पेटी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजाराहून अधिक कारखाने आहेत. जुन्या यंत्राचे एखादे कंट्रोल कार्ड जळले आणि ते मॉडेल कंपनीने बंद केलेले असले, की लाइन ठप्प होते. सुटे भाग आणायचे तर पश्चिम रेल्वेने मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. हे अंतर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आसपास. पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, बाहेरून बनवून घ्यायची तर वाट पाहणे आले. म्हणून इथल्या मेंटेनन्सवाल्यांना आणि आयटीआय झालेल्या मुलांना घरीच पीसीबी बनवण्याची ओढ असते. प्रस्तुत लेखक त्यांच्यातलाच. बोईसरला घरी लेझर प्लॉटर बांधताना त्याला जे कळले, ते या वाटेला लागणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावे.

घरगुती पीसीबीची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे: गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने आकृती काढायची आणि इस्त्री फिरवून ती तांब्यावर उतरवायची. जाड ट्रॅक त्यात बरे येतात, बारीक तुटतात. लेझर प्लॉटरमध्ये तांब्यावर ड्राय फिल्म चिकटवतात आणि लेझरचा ठिपका फिल्मवर थेट ट्रॅक काढत जातो. प्रकाश पडला तेवढी फिल्म घट्ट होते. उरलेली धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात, म्हणजे लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम, विरघळून निघते. मग फेरिक क्लोराइडला उघडे तांबे खाऊ द्यायचे.

पहिली अडचण डायोड निवडण्यातच येते. भंगारातल्या डीव्हीडी रायटरची मोटर आणि सरकपट्टी छोट्या प्लॉटरला चालते, पण त्यातला लाल डायोड ६५० नॅनोमीटरचा असतो आणि लाल प्रकाशाला ही फिल्म दाद देत नाही. तिला साधारण ३५० ते ४१० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. म्हणून ब्लू-रे जातीचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोडच घ्यावा. लाकूड कोरायला विकले जाणारे ४५० नॅनोमीटरचे कित्येक वॅटचे निळे मॉड्यूल या कामाला नको. फिल्मसाठी ते चुकीच्या रंगाचे आणि घरासाठी धोक्याचे.

धोका डोळ्यांना आहे. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश आपल्या डोळ्याला फिकट दिसतो, त्यामुळे तो सौम्य वाटतो. प्रत्यक्षात शक्ती तेवढीच असते. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो, आणि त्याखालच्या वर्गाचा थेट किरणही पापणी मिटण्याआधी दृष्टिपटल भाजू शकतो. भाजल्याची वेदनाही होत नाही. त्यात घासून चकचकीत केलेले तांबे म्हणजे आरसाच.

प्रस्तुत लेखकाच्या प्लॉटरवर एक प्रकार घडला. संगणकाची केबल जोडताच, कुठलीही आज्ञा न देता, लेझर क्षणभर पेटला. प्लॉटर चालवणारा अर्दुइनो बोर्ड सुरू होताना त्याच्या पिना काही काळ अधांतरी असतात, आणि लेझरच्या ड्रायव्हरची जात तशी असेल तर तो हे ‘चालू’ समजतो. झाकण बंद होते म्हणून निभावले. सिग्नल आणि ग्राउंड यांमध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर टाकल्यावर हा प्रकार थांबला.

तारापूरच्या कारखान्यात काम केलेल्याला इंटरलॉक म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तोच नियम घरी लावावा. प्लॉटर बंद पेटीत बसवावा. झाकण उघडताच लेझरची वीज स्विचने तुटावी. हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नये. आत पाहायचे तर कॅमेऱ्यातून पाहावे. डायोडसोबत फुकट मिळणाऱ्या चष्म्यावर भरवसा ठेवू नये. ज्या चष्म्यावर ४०५ नॅनोमीटर आणि ओडी ४ किंवा अधिक असे प्रमाणित लिहिले आहे, तोच घ्यावा. ओडी ४ म्हणजे प्रकाशाचा दहा हजारावा भाग आत येतो.

यांत्रिक भाग त्या मानाने सोपा. दोनशे स्टेप्सची मोटर, वीस दात्यांची जीटी-२ पुली आणि सोळा मायक्रोस्टेप धरले, तर मिलिमीटरला ८० स्टेप्स पडतात. शंभर मिलिमीटरची रेघ काढून व्हर्नियरने मोजावी आणि फरक सेटिंगमध्ये भरावा. अर्दुइनोवर चालणाऱ्या जीआरबीएल या प्रणालीत लेझर मोड चालू करून एम-४ आज्ञा वापरावी, म्हणजे कोपऱ्यात वेग मंदावला की शक्तीही घटते. नाहीतर कोपरे फुगतात. एकच रेघ वेगवेगळ्या वेगाने काढलेली चाचणीपट्टी प्रत्येक नव्या फिल्मसाठी करावी. दमट, खाऱ्या हवेत तांबे लवकर काळवंडते, म्हणून ते घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर लगेच फिल्म लावावी.

लेझरने बोर्डच कापण्याचा मोह टाळावा. एफआर-४ म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी. तो जळताना विषारी धूर होतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. जगभरच्या अशा फॅब लॅबमध्ये, म्हणजे डिजिटल यंत्रांच्या छोट्या कार्यशाळांत, शिकाऊ सर्किटे बहुधा छोट्या मिलिंग यंत्रावर तांबे खरवडून करतात, तेही काचतंतू नसलेल्या एफआर-१ बोर्डावर. त्यात ना लेझर, ना फेरिक क्लोराइड. बारीक ट्रॅकची गरज नसलेल्याने हा मार्ग आधी तपासावा.

कारण शेवटी प्रश्न फेरिक क्लोराइडचाच उरतो, आणि बोईसर-तारापूरला तो अधिकच गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातला सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने भरपाईचे आदेश दिले. तांबे माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते. मोरीत ओतलेले वापरलेले द्रावण याच मच्छीमारांच्या खाड्यांकडे जाते.

द्रावण शक्य तितक्या वेळा पुन्हा वापरावे. ते निकामी झाले की मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस उसळतो, म्हणून घाई नको आणि खोली हवेशीर हवी. अॅल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नये. लिटमस निळा होऊ लागला की गाळ खाली बसू द्यावा, कापडातून गाळून तो झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावा.

एकेरी बोर्डासाठी घरचा लेझर प्लॉटर नक्की बांधण्याजोगा आहे. दोन्ही बाजूंचे, भोकांत तांबे चढवलेले बोर्ड मात्र व्यावसायिक कारखान्यातूनच करून घ्यावेत. बांधणारच असाल तर सामानाच्या यादीत पहिल्या तीन ओळी पेटी, झाकणाचा स्विच आणि प्रमाणित चष्मा यांच्या ठेवा. वापरलेल्या द्रावणाची सोय ठरल्याशिवाय फेरिक क्लोराइडची बाटली घरात आणू नका.