वचन पाठवण्याआधी पत्र वाचू या



परीक्षेला बसणारा मुलगा असो, इस्पितळातला रुग्ण असो किंवा नोकरी गेलेला शेजारी असो, आपण त्यांना एक वचन हमखास पाठवतो: यिर्मया २९:११. देवाने आपल्या भल्याचेच योजले आहे, तो आपल्याला आशेचे भविष्य देणार आहे, असा त्याचा आशय. आपला हेतू चांगला असतो. पण मुलगा नापास झाला, रुग्ण देवाघरी गेला, तर त्या घरात प्रश्न उरतो: ‘देवाचे वचन खोटे ठरले का?’

वचन खोटे ठरत नाही. आपण ते अर्धेच पोहोचवलेले असते.

हे वचन एका पत्रातले आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमच्या अनेक लोकांना बंदिवान करून बाबिलोनला नेण्यात आले. त्यांना यिर्मयाने हे पत्र लिहिले. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे तो सांगतो. दहाव्या वचनात सुटकेची मुदत येते: सत्तर वर्षे! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. आशा खरी होती, पण ती साऱ्या प्रजेला, मुला-नातवंडांसह दिलेली होती.

त्याआधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या भेटतो. दोन वर्षांत सारे परत येतील, असे तो देवाच्या नावाने सांगतो. ऐकायला गोड, पण देवाने त्याला पाठवलेलेच नव्हते. सत्तर वर्षे गाळून आपण फक्त अकरावे वचन देतो, तेव्हा शब्द यिर्मयाचे असतात आणि संदेश हनन्याचा होतो.

सैतानानेही प्रभू येशूपुढे स्तोत्र ९१ मधील शब्द मांडले (मत्तय ४:६). प्रभूने शास्त्रानेच उत्तर दिले: देवाची परीक्षा पाहू नये (अनुवाद ६:१६). एका वचनाचा अर्थ संपूर्ण शास्त्राच्या उजेडात पाहावा, हेच दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात शिकवले.

म्हणून आपण तीन गोष्टी पाळू या. वचन पाठवण्याआधी तो अध्याय पूर्ण वाचू या. ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले, हे समजून घेऊ या. आणि देवाने जे वचन दिलेले नाही, ते त्याच्या नावावर घालू नये.

मग रुग्णाला काय सांगावे? हेच, की परक्या बाबिलोनमध्येही देवाने आपल्या लोकांना टाकले नाही. वाट लांबली तरी तो सोबत आहे. आणि शक्य असेल तर हे मोबाइलवरून न कळवता त्याच्या उशाशी बसून सांगू या.

या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर यिर्मयाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचू या.