चपटा मणका : प्रत्येक वेळी क्षयच असतो काय?

पाठदुखीमुळे खेळणे सोडून बसलेले लहान मूल आपल्या बाह्यरुग्ण विभागात आले आणि क्ष-किरण चित्रात एक मणका खचलेला दिसला, की पहिले नाव क्षयाचे येते. ते गैर नाही. मणक्याचा क्षय वऱ्हाडात नवा नाही. तथापि, औषधे लिहिण्यापूर्वी त्याच चित्रात त्या मणक्याच्या वरची व खालची चकती न्याहाळावी. क्षयात बहुधा चकतीची जागा अरुंद होते, लगतचे दोन मणके झिजतात आणि भोवती पू साठतो. मणका नाण्यासारखा चपटा, परंतु दोन्ही चकत्या शाबूत असतील, तर लँगरहॅन्स पेशी हिस्टिओसायटोसिस या दुर्मीळ विकाराचा विचार करणे अगत्याचे ठरते.

फ्रेंच शल्यविशारद काल्व्हे यांनी १९२५ मध्ये अशा मणक्याचे वर्णन केले, तेव्हा तो हाडाच्या पोषणाचा दोष मानला गेला. पुष्कळ मुलांत त्यामागे हा पेशीविकार असतो, हे पुढे उलगडले. पाश्चात्त्य नोंदींनुसार १५ वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे ४ ते ५ रुग्ण आढळतात. तेच प्रमाण धरल्यास २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख लोकसंख्या असलेल्या वाशीम जिल्ह्यात वर्षाकाठी एखाददुसरे मूल असावे. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे!

शंका आल्यावर केवळ पाठीवर थांबू नये. कवटी, फासळ्या, कटी व लांब हाडे यांचीही क्ष-किरण चित्रे घ्यावीत. कवटीत ठशाने कापल्यासारखे, तिरप्या कडांचे छिद्र दिसल्यास संशय बळावतो. कान सतत वाहतो काय, डोक्यावर खपल्या धरतात काय, हे आईला विचारावे. मूल रात्री उठून वारंवार पाणी पीत असेल व लघवीही फार होत असेल, तर एमआरआयमध्ये पीयूष ग्रंथीचा देठ जाड झाला आहे काय, ते पाहावे लागते.

चित्र शंका देते, निर्णय देत नाही. क्षय असताना या विकारासाठी स्टेरॉइड दिल्यास क्षय फोफावेल. आणि हा विकार असताना क्षयाची औषधे महिनोन्महिने व्यर्थ जातील. म्हणून सुईने काढलेल्या ऊतकाचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये सीडी१ए व लँगेरिन तपासणीसाठी ठेवावा आणि दुसरा फॉर्मेलिनविना, क्षयजंतूंच्या तपासणीसाठी. सगळेच ऊतक फॉर्मेलिनमध्ये बुडवले, तर जंतूंचे संवर्धन करता येत नाही.

निदान पक्के झाल्यावर, एकाच मणक्यात विकार असून मज्जारज्जूवर दाब नसल्यास अनेकदा निरीक्षण व पट्टा पुरतो. काही मुलांत मणक्याची उंची पुढील वर्षांत बरीच भरून येते. विकार अनेक ठिकाणी असल्यास मात्र विनब्लास्टिन व प्रेडनिसोलोन यांचे उपचार साधारण वर्षभर चालतात. त्यासाठी नागपूर किंवा मुंबईस पाठविताना पहिले क्ष-किरण चित्र पालकांच्या हाती अवश्य द्यावे. पुढील प्रत्येक चित्राची तुलना त्याच्याशीच होणार असते.