रोमचे चार दिवस आणि आपले पाय

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, हॉलंडमध्ये नोकरीला असते, आईवडील महिना-दोन महिने तिकडे जातात आणि त्यातच चार दिवस रोम पाहून येण्याचा बेत ठरतो. परवा एक निवृत्त गुरुजी असाच बेत घेऊन आले. वय सहासष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, दोन वेळा इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी रोजची. बाईंचे दोन्ही गुडघे दुखरे. मुलाने आखून पाठवलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पहिल्या दिवशी सकाळी विमानतळ, दुपारी कलोसियम, संध्याकाळी त्रेवीचे कारंजे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्हॅटिकन. कागद चांगला होता, पण त्यात जेवणाची वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

वाचकहो, सहलीचा बेत म्हटला की आपण तिकीट, हॉटेल आणि पाहण्याची ठिकाणे एवढेच धरतो. साठीनंतर, आणि त्यातून मधुमेह, रक्तदाब किंवा संधिवात असेल तर, बेताचा अर्धा भाग शरीराचा असतो.

पहिली गोष्ट पायांची. रोमचा जुना भाग पायीच पाहावा लागतो. त्रेवीपासून पँथिऑन, तिथून नवोना चौक, ही सगळी स्थळे एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत आणि त्यामुळेच माणूस फसतो. ‘जवळच आहे’ म्हणत दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे होते. रस्त्याला काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेले, तेही गुळगुळीत झालेले आणि वरखाली. चपलेत किंवा टाचेच्या बुटात त्यावर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. शिवाय पायऱ्या आहेतच. स्पॅनिश जिना १३५ पायऱ्यांचा. सेंट पीटरच्या घुमटावर जायला ५५१ पायऱ्या, आणि लिफ्टचे जादा पैसे भरले तरी ३२० उरतातच. आपल्या पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, यावरून अंदाज करावा. घुमटाचा शेवटचा जिना अरुंद आणि तिरका आहे, मध्येच परत फिरणे अवघड. ज्यांना हृदयविकार आहे किंवा एक मजला चढल्यावर छातीत भरून येते, त्यांनी घुमट खालून पाहावा. खालून तो जास्त चांगला दिसतो असे माझे मत आहे.

निघण्याच्या सहा आठवडे आधी चालायला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग वाढवत वाढवत सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास. रोमला जे बूट घालणार तेच बूट, तेच सुती मोजे घालून चाला. नवे कोरे बूट विमानात घालून जाण्याइतकी चुकीची गोष्ट नाही. मधुमेही माणसाच्या तळपायाची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. फोड येतो, फुटतो, आणि त्याला कळतही नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्या माणसाला पाहायला सांगावे. गुरुजींना मी सांगितले, हे काम बाईंकडे द्या, त्या पेपर तपासल्यासारखे तपासतील.

गुडघेदुखीच्या मंडळींनी काठी न्यायला लाजू नये. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच आगाऊ सांगून ठेवली तर फुकट मिळते. व्हॅटिकनच्या संग्रहालयातही मागितल्यास मिळते. तिथले चालणे दोन-तीन तासांचे आहे आणि सिस्टाइन प्रार्थनागृह अगदी शेवटी येते, म्हणजे मायकेलअँजेलोचे छत पाहायची वेळ येते तेव्हा पाय गळालेले असतात.

आता इन्सुलिन. ते नेहमी हातातल्या बॅगेतच ठेवायचे. खाली सामानात दिलेल्या बॅगेत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी होते. शिवाय बॅग हरवली तर सगळेच हरवले. माझ्या एका रुग्णाची बॅग तीन दिवस उशिरा पोहोचली. गोळ्यांचा एक संच त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होता म्हणून निभावले. औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि निम्मी दुसऱ्या माणसाकडे द्या. द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरचे बंधन असते, पण आवश्यक औषधांना ते लागू नाही, फक्त डॉक्टरांचे पत्र जवळ हवे. हे पत्र इंग्रजीत, टाइप केलेले असावे आणि त्यात औषधाचे मूळ नाव असावे. आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडच्या औषध दुकानदाराला काहीच सांगत नाही. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर चिठ्ठीशिवाय जाऊच नये.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो. फरक फार मोठा नाही. बहुतेकांना मात्रेत मोठा बदल करावा लागत नाही, पण प्रवासाच्या दिवशीचे टोचणे कधी, हे आपल्या डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेसह लिहून घ्यावे. खरा धोका वेगळाच आहे. रोज दहा किलोमीटर चालल्याने साखर एरवीपेक्षा खाली येते, आणि तिथली बरीचशी भोजनगृहे रात्री साडेसात-आठच्या आधी उघडत नाहीत. माणूस सवयीने सातला इन्सुलिन टोचतो किंवा गोळी घेतो आणि टेबलाची वाट पाहत उभा राहतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून नियम एकच: बाहेर जेवताना ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी कायम. त्रास वाटला तर तीन चमचे साखर लगेच, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, आणि मग पोटात काहीतरी घालायचे. बरोबरच्या माणसाला हे माहीत असले पाहिजे, कारण त्या क्षणी रुग्णाला स्वतःला सुचत नाही.

पाण्याची चिंता मात्र नको. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी खांबासारखे नळ आहेत, लोक त्यांना ‘नाझोनी’ म्हणजे मोठी नाके म्हणतात. १८७४ पासून ते बसवत आले आहेत. पाणी गार आणि पिण्याचे, रात्रंदिवस वाहते. बाटली भरून घ्यावी. आपल्या बायकांची सवय अशी की बाहेर शौचालय मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही. त्यातून लघवीचा दाह होतो, उन्हात चक्कर येते. तिकडे ‘बार’ म्हणजे कॉफीचे दुकान. एक कॉफी घेतली की तिथले शौचालय वापरता येते. संग्रहालयातून निघण्यापूर्वी जाऊन येण्याचीही सवय लावावी. लघवीची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, वेळ बदलता येईल का ते विचारावे.

ऊन हा विषय निघाला की आमच्याकडची मंडळी हसतात. आम्ही मे महिन्यात ४४ अंशांत राहतो, रोमचे ३५ काय करणार? पण मे महिन्यात दुपारी बाराला आपण घरात पडदे ओढून बसलेले असतो. दगडी प्राचीन अवशेषांत, सावलीचे झाड नसताना, तीन तास हिंडत नाही. जुलै-ऑगस्ट टाळा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे.

विमानात पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. चार तासांपेक्षा मोठ्या प्रवासात हा धोका वाढतो. विशेषतः नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, पूर्वी गुठळी झालेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना आणि हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना. दर तास-दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे वरखाली करावेत. ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात आधीचे आजार धरले आहेत का, हे बारीक अक्षर वाचून पाहा. तातडीच्या मदतीला फोन ११२. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो.

रोमला वैद्यकाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन, अर्थ वाईट हवा. या शहराभोवतीच्या दलदलीने शतकानुशतके माणसे मारली. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू पाहिला आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅनॉफेलीस डास हा रोग माणसाला देतो हे सिद्ध केले. स्पॅनिश जिन्याच्या कडेला एक घर आहे. तिथे कवी कीट्स १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने गेला. हवापालट म्हणून तो आला होता. डॉक्टरांनी त्याचे रक्त काढले आणि उपाशी ठेवले, कारण क्षयाचा जंतू सापडायला अजून साठ वर्षे होती. तो स्वतः वैद्यकी शिकलेला होता, त्यामुळे रुमालावरच्या रक्ताचा अर्थ त्याला समजत होता. घर आता संग्रहालय आहे. जिना चढवत नसेल तर निदान बाहेरून पाहा.

गुरुजींचा कागद मी नव्याने लिहून दिला. पहिला दिवस रिकामा, फक्त उजेडात थोडे फिरणे आणि रात्री तिथल्या वेळेने झोप. नंतर रोज सकाळी एक मोठे स्थळ, दुपारी दोन तास पाठ टेकणे, संध्याकाळी एखादा चौक. घुमट खोडला. बाईंनी तो खोडताना मान डोलावली, गुरुजी काही बोलले नाहीत. परत आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एका पोटरीला सूज, दुखणे किंवा अचानक धाप लागली, तर वेळ न घालवता दवाखान्यात जा आणि विमानप्रवास झाल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.