अक्रिय वायू आणि प्राणरक्षण

हृदय अकस्मात बंद पडले म्हणजे मेंदूला मिळणारा प्राणवायूही थांबतो आणि काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात. रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला तरी हानी तेथेच थांबत नाही; पुढे कित्येक तास ती चालू राहते. या अवधीत पेशींचे रक्षण करता येईल काय? या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर म्हणजे झेनॉन वायू.

१८९८ मध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लंडन येथे झेनॉनचा शोध लावला. या ग्रीक नावाचा अर्थ ‘परका’ असा आहे. हवेच्या सुमारे १ कोटी १५ लक्ष भागांत त्याचा एकच भाग असतो. इतर मूलद्रव्यांशी सहसा संयोग न पावणारा हा वायू मनुष्याला भूल मात्र देऊ शकतो. १९५१ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे स्टुअर्ट कलेन आणि अर्विन ग्रॉस यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा तसा उपयोग केला. रक्तात तो अत्यल्प विरघळत असल्याने, तो देणे थांबविताच रुग्ण लवकर शुद्धीवर येतो.

त्याच्या कार्याचे मर्म १९९८ मध्ये लंडनमधील संशोधकांनी उलगडले. प्राणवायूअभावी मज्जापेशींतून ग्लुटामेट हे द्रव्य बेसुमार बाहेर पडते. शेजारच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना ते उद्दीपित करते. त्यामुळे पेशींत कॅल्शियम लोटते आणि त्या नाश पावतात. झेनॉन हेच ग्राही अडवितो. कोणतेही रासायनिक बंध न जोडता, केवळ जागा व्यापून तो हे कार्य साधतो. प्राण्यांवरील प्रयोगांत आर्गॉन आणि हीलियम यांनीही असे रक्षण केल्याचे आढळले. हे दोन वायू साध्या दाबाखाली भूल आणीत नाहीत. यावरून भूल आणि रक्षण या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे ध्यानात येते.

परंतु प्रयोगशाळेतील यश रुग्णशय्येपाशी टिकते काय? फिनलंडमध्ये हृदय बंद पडून बेशुद्ध झालेल्या ११० रुग्णांचा अभ्यास झाला. सर्वांचे शरीर ३३ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले होते. निम्म्यांना त्याशिवाय २४ तास झेनॉन दिला. त्यांच्या मेंदूच्या श्वेतद्रव्याची हानी कमी झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयस्नायूची इजाही कमी आढळली. मात्र सहा महिन्यांनंतरच्या मृत्युसंख्येत निर्णायक फरक दिसला नाही. जन्मसमयी गुदमरलेल्या ९२ अर्भकांवरील ब्रिटनमधील चाचणीतही झेनॉनचा लाभ सिद्ध झाला नाही.

झेनॉन दुर्मिळ असल्याने महागही आहे. म्हणून उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा वापरणारी बंदिस्त यंत्रणा त्यासाठी योजावी लागते. एवढा खर्च सार्थ ठरावयाचा, तर चित्रांत दिसणारी पेशींची बचत रुग्णाच्या आयुष्यातही दिसली पाहिजे. औषधाची खरी कसोटी तीच होय.