टॅबलेटच्या पडद्यावरील चित्रमालिका

छापील मासिकात चार छायाचित्रे द्यावयाची तर पानावर चार छायाचित्रांची जागा मोडते. टॅबलेटसाठी सिद्ध केलेल्या अंकात तीच चित्रे एका चौकटीत एकामागून एक ठेवता येतात व वाचक बोटाच्या स्पर्शाने हवे ते चित्र पुढे आणतो. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आले आणि पुढच्याच महिन्यात ‘वायर्ड’ ह्या अमेरिकन मासिकाने त्यासाठी खास अंक काढला. तो सुमारे ५०० मेगाबाइटचा होता. खेड्यापाड्यांतील वाचकांसाठी अंक काढणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा व चित्रे मोजकीच घ्यावीत.

उदाहरणादाखल कपाशीवरील गुलाबी बोंडअळी घेऊ. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने केलेली हानी पुष्कळांच्या स्मरणात असेल. डोमकळी, पोखरलेले बोंड, कोष आणि पतंग अशी चार चित्रे निवडावीत. इनडिझाइन ह्या संगणकप्रणालीत ती एकाच मापाच्या चौकटींत बसवावीत. प्रत्येक चित्र व त्याखालील ओळ यांचा आधी गट बांधावा. ही पायरी गाळली तर प्रणाली त्या ओळीलाच स्वतंत्र चित्र समजते आणि मालिका विस्कटते. मग चारही गट एकमेकांवर तंतोतंत रचून, सर्व निवडून, ‘ऑब्जेक्ट स्टेट्स’ ह्या फलकातून त्यांची एकत्र वस्तू करावी. प्रत्येक गट ही तिची एकेक अवस्था होय. शेवटी ‘पुढील अवस्था’ व ‘मागील अवस्था’ अशी आज्ञा दिलेली दोन बटणे चौकटीबाहेर ठेवावीत, म्हणजे चित्र बदलले तरी ती जागची हलत नाहीत.

बटणांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. अशाच एका पुस्तिकेत प्रस्तुत लेखकाने बाणाच्या खुणा शोभेला बाधक म्हणून काढून टाकल्या व चित्रावर बोट टेकताच ते बदलावे अशी योजना केली. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आढळल्यास उपाय योजावेत, ही मुख्य सूचना चौथ्या चित्राखाली होती. पुस्तिका पाहिलेल्या शेतकऱ्यांशी पुढे बोलणे झाले तेव्हा कळले, की बहुतेकांनी डोमकळी पाहिली आणि पान उलटले. आत आणखी तीन चित्रे आहेत हे त्यांना कळावे तरी कसे? आता आम्ही ‘१/४’ असा क्रमांक घालतो, आणि औषधाची वा मर्यादेची सूचना चित्रमालिकेत न घालता पानावर उघडी छापतो.

तयार पान स्थिर मांडणीच्या ईपब स्वरूपात किंवा ‘पब्लिश ऑनलाइन’ सोयीने बाहेर काढावे. पीडीएफमध्ये ही मालिका चालत नाही. तेथे, व कागदावरही, पडद्यावर शेवटी दिसत असलेली एकच अवस्था उमटते. म्हणून पीडीएफ प्रतीसाठी चारही चित्रे मांडलेले वेगळे पान करावे लागते.